सिंगापूर: फोर्ट सिलोसो दोन तासांत होतो का?

गलबत्या:
सेंटोसा बेटावर एक दुपार मोकळी आहे. सोबत सत्तरीचे आईबाबा, आईचे गुडघे दुखरे. किल्ला दोन तासांत नीट बघून होईल का, चढ कितपत आहे? आणि १९४२ मध्ये जपानी सैन्य जमिनीकडून आलं तेव्हा सिंगापूरच्या तोफांची तोंडं चुकीच्या दिशेला, समुद्राकडे होती म्हणतात, ते खरं का?

तोफखाना:
अडीच तास धरा. किल्ल्याला तिकीट नाही. विवोसिटी मॉलमधून मोनोरेलने बीच स्टेशन, तिथून बेटावरची फुकटची ए बस सिलोसो पॉइंटला सोडते. थांब्याजवळच स्कायवॉकची लिफ्ट आहे. ती साधारण ११ मजले वर नेते आणि पुढे झाडांच्या शेंड्यांवरून १८१ मीटरचा सपाट पूल थेट किल्ल्यात जातो. मोठा चढ असा टळतो. आत मात्र उतार आणि पायऱ्या आहेत.

लोक फसतात ते वेळेत. स्कायवॉक रात्रीपर्यंत चालू असतो, किल्ला संध्याकाळी ६ ला बंद होतो. साडेपाचला वर गेलात तर नुसता पूल बघून परत. दुपारी गडगडायला लागलं तर पुलावर जाऊ नका, आधी खाली थांबा.

दारूकोठार:
भुयारं चुकवू नका, खरा किल्ला तिथेच आहे. जुन्या ७ इंची तोफा पुढून ठासायच्या. आधी दारूची थैली, मग गोळा. गोळ्याच्या अंगावरच्या गुंड्या नळीतल्या पेचदार खाचांत बसवूनच तो आत सारायचा, म्हणजे सुटताना फिरत जातो. त्या काळच्या दारूकोठारात उघडा दिवा चालत नसे. दिवा शेजारच्या बोळात, काचेच्या खिडकीआड. बुटांना लोखंडी खिळेही नकोत, ठिणगीची भीती.

तोफखाना:
तोंडांबद्दल: अर्धसत्य. सिलोसो केपेल बंदराच्या पश्चिम तोंडाशी आहे, त्यामुळे रोख समुद्राकडेच असणार. पण बऱ्याच तोफा फिरवता येत होत्या आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये जमिनीकडे डागल्याही गेल्या. घोडं अडलं ते गोळ्यांपाशी. साठा मुख्यतः चिलखतभेदी. असा गोळा जहाजाचा पत्रा फोडून आत फुटण्यासाठी असतो. मऊ मातीत तो खोल रुततो आणि मग फुटतो, पायदळाला त्याचा फारसा त्रास होत नाही. सैन्यावर मारायचे उच्चस्फोटक गोळे फार थोडे होते.

गलबत्या:
आईला भुयार झेपलं नाही तर?

दारूकोठार:
शरणागतीचं दालन दाखवा, मेणाचे पुतळे आहेत. दोन शरणागती आहेत: ब्रिटिशांची १५ फेब्रुवारी १९४२ ची आणि जपान्यांची १२ सप्टेंबर १९४५ ची. यातली एकही इथे झालेली नाही, हे आधी सांगून ठेवा. पहिली बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात झाली, दुसरी शहरातल्या म्युनिसिपल इमारतीत. पाणी आणि डासांचं मलम सोबत असू द्या.