करंट दिला कधी, ते बघा

"डोक्याला करंट लावला की हात लवकर शिकतो का?" असं विचारताना वेळेचा मुद्दा राहूनच जातो. २००२ च्या एका प्रयोगात लोकांनी अंगठा-तर्जनीने झटक्यात चिमटी दाबायचा सराव केला. लगेच मेंदूच्या प्रेरक (हालचाल घडवणाऱ्या) भागावर डोक्याबाहेरून सेकंदाला एक असे चुंबकीय स्पंद दिले (त्यांनी मेंदूत करंट उठतो), तर कमावलेली सुधारणा पुसली गेली. मूळ ताकद मात्र शाबूत! तेच स्पंद ६ तासांनी दिल्यावर काही बिघडलं नाही. २००९ मध्ये ५ दिवस हाताच्या सरावासोबत डोक्याला १ मिलिअँपिअरचा विद्युत प्रवाह दिला, तेव्हा फायदा मुख्यतः एका दिवसाचा सराव संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचा सुरू होईपर्यंतच्या काळात दिसला. सराव टळत नाही. शिवाय परिणाम माणसागणिक बराच बदलतो, तेव्हा करंट देणारा घरगुती हेडसेट घ्यायची घाई कशाला?