दुचाकीसाठी दिशादर्शक यंत्र निवडताना : मुंबईकर चालकांचे अनुभव

मोटारसायकलसाठी स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यावे की हातातला फोनच हँडलवर लावावा, हा प्रश्न मुंबईत रोज दुचाकी चालवणाऱ्यांना कधी ना कधी पडतोच. दुकानदाराशी होणारे बोलणे बहुधा पडद्याचा आकार आणि किंमत यांपलीकडे जात नाही. जुलैच्या पावसात, खड्ड्यांच्या हादऱ्यांत आणि दुचाकीला मनाई असलेले इतके रस्ते असलेल्या या शहरात ते यंत्र कसे वागते, हे केवळ वापरणारेच सांगू शकतात. म्हणून अशा चालकांना ही विनंती केली होती : आपली गाडी कोणती, फिरणे कुठले, यंत्राला वीज कुठून दिली आणि आज नव्याने घ्यायचे झाले तर आधी काय तपासाल, हे सविस्तर लिहावे. आलेले अनुभव पुढे देत आहे.

प्रभादेवी, १५० सीसी मोटारसायकल

औषध कंपनीच्या कामासाठी मला दिवसभर वांद्रे ते कुलाबा या पट्ट्यात फिरावे लागते. आपण दुचाकीवर आहोत हे यंत्राला कळते का, ही माझ्या दृष्टीने पहिली कसोटी आहे आणि बाकी सगळे तिच्यानंतर येते. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली सुरू झाला तेव्हापासून त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू आणि त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग, हे दोन्हीही आपल्यासाठी बंदच आहेत. जे. जे. उड्डाणपुलावर मनाई आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आहे आणि समृद्धी महामार्गावरही आहे. मोटारीसाठी बनवलेले यंत्र यांतला प्रत्येक रस्ता सर्वांत जवळचा म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने सुचवते.

यावर अनेक जण ‘टोल टाळा’ हा पर्याय सुरू करून ठेवण्याचा उपाय सांगतात, पण तो अपुरा आहे. त्याने सागरी सेतू, अटल सेतू आणि द्रुतगती मार्ग वगळले जातात हे खरे; परंतु सागरी किनारा मार्ग आणि जे. जे. उड्डाणपूल यांवर टोलच नसल्याने यंत्र तिकडे नेतच राहते. उलट राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल भरावा लागत नाही, तरी हा पर्याय सुरू असल्यामुळे यंत्र अहमदाबादच्या दिशेचा सरळ महामार्ग सोडून भलत्याच आडवाटेला लावते.

म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी त्यात तीन मार्ग काढून पाहावेत, असे मी प्रत्येकाला सुचवतो. वांद्रे रेक्लमेशनहून वरळी विचारल्यास ते माहीमच्या कॉजवेने गेले पाहिजे, क्रॉफर्ड मार्केटहून भायखळा विचारल्यास उड्डाणपुलाखालून मोहम्मद अली रोडने गेले पाहिजे आणि शिवडीहून उरण विचारल्यास वाशीच्या खाडीपुलावरून गेले पाहिजे. गूगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आणला आणि शहरातल्या रोजच्या कामासाठी मी आजही तोच वापरतो. स्वतंत्र यंत्र घेणाऱ्याने त्यात ठरावीक रस्ता किंवा परिसर कायमचा वगळण्याची सोय आहे का, हे अवश्य विचारावे. गार्मिन कंपनीच्या झूमो एक्सटी या मोटारसायकलसाठीच्या यंत्रात ती आहे. घरी निवांत बसून वर सांगितलेले रस्ते एकदा वगळून टाकले की द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी कळंबोलीला, जिथे फाटा निवडायला काही क्षणच मिळतात, तिथे तारांबळ उडत नाही.

अंधेरी ते वांद्रे-कुर्ला संकुल, स्कूटर

मी भूमापनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे उपग्रह आणि त्यांचे संदेश हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा आपले स्थान सुमारे ५ मीटरच्या आत सांगतो. पण लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींमध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिराने पोहोचतो, त्यामुळे अंतराचे गणित चुकते आणि आपण शेजारच्या गल्लीत असल्याचे पडद्यावर दिसते. यावर खरा इलाज म्हणजे दोन वारंवारितांवर (फ्रिक्वेन्सींवर) उपग्रहाचा संदेश घेणारे यंत्र. एल-१ या जुन्या वारंवारितेसोबत एल-५ या दुसऱ्या वारंवारितेवरचा संदेशही घेणारी यंत्रे असा परावर्तित संदेश अधिक चांगल्या रीतीने ओळखतात. ‘नाविक’ ही आपली भारतीय उपग्रह दिशादर्शन प्रणालीही एल-५वर संदेश देते आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून त्यात एल-१ची भर पडली. खोक्यावर केवळ ‘जीपीएस’ लिहिले आहे की रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि नाविक या प्रणालींचाही उल्लेख आहे, हे वाचून घ्यावे आणि दोन वारंवारितांविषयी स्पष्ट विचारावे.

उड्डाणपुलांची अडचण मात्र यानेही पूर्ण सुटत नाही. लालबागला आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे बहुतेक यंत्रांना समजत नाही, कारण नकाशावर दोन्ही रस्ते एकावर एक असतात आणि उंचीचा अंदाज आडव्या स्थानापेक्षा जास्त चुकतो. अशा ठिकाणी पुलाच्या तोंडाशी येण्याआधीच ‘पूल घ्या’ किंवा ‘पुलाखालून जा’ असे बोलून सांगणारे यंत्र उपयोगी पडते.

कायद्याविषयीही एक गोष्ट लिहिते, कारण नाक्यावर पोलिसांनी हटकले की लोक गोंधळतात. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हाती धरण्याजोग्या उपकरणाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने करता येतो. त्यामुळे हँडलवर पक्के बसवलेले यंत्र आणि एका हातात धरलेला फोन यांत फरक आहे.

ठाणे, ४०० सीसी मोटारसायकल

माझे शहरातले फिरणे थोडे आहे. माझी ओढ कोकणाच्या किनाऱ्याकडे आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (वाहने नेणाऱ्या बोटीने) गाडी मांडव्याला उतरवायची, रेवदंडा आणि मुरूड करत आगरदांड्याहून दिघी, पुढे बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड, अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळ्याला पोहोचायचे, हा प्रवास ज्याने केला आहे त्याला महामार्गाने कोकणात जाणे गोड लागत नाही. या वाटेवर यंत्राची परीक्षा पुरेपूर होते. ‘फेरीबोट टाळा’ हा पर्याय चुकून सुरू राहिला असेल तर दाभोळच्या जेट्टीवर उभे असताना, समोर गुहागरचा किनारा दिसत असूनही, यंत्र चिपळूणमार्गे मोठा वळसा सांगते. पर्याय बंद केला तरी शेवटची बोट निघून गेली आहे हे त्याला कळत नाही, म्हणून बोटींच्या वेळा आपल्याच खिशात हव्यात.

अशा ठरवून आखलेल्या प्रवासासाठी जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेला मार्ग साठवणारी फाइल, नीट वाचणारे यंत्र घ्यावे. रूट आणि ट्रॅक यांतला फरक इथे कळीचा आहे. रूटमध्ये काही मोजकी ठिकाणे असतात आणि त्यांच्यामधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून नव्याने ठरवते, त्यामुळे तुमच्या मनातली आंजर्ल्याची किनाऱ्यालगतची वाट सोडून ते तुम्हाला आतल्या मोठ्या रस्त्याला लावू शकते. ट्रॅक म्हणजे बिंदूंची सलग रेघ असते आणि तिला यंत्र हात लावत नाही. एखाद्या मित्राने त्याच्या प्रवासाची फाइल पाठवली तर ती ट्रॅक म्हणूनच उघडावी. काही स्वस्त यंत्रे ट्रॅक फक्त दाखवतात, वळणाची सूचना देत नाहीत. फाटे थोडे असलेल्या वाटेवर तेवढेही पुरते.

आता पावसाविषयी. ताम्हिणी घाटात भर पावसात फोनच्या काचेवर थेंब पडू लागले की त्या थेंबांनाच फोन बोट समजतो. नकाशा आपोआप लहान होतो, मध्येच दुसरा मार्ग निवडला जातो, आणि ओल्या हातमोज्याने तो पूर्ववत करू गेल्यास काहीच घडत नाही. शिवाय चार्जिंगच्या तोंडाशी ओल लागली की बरेच फोन चार्ज होणेच थांबवतात, म्हणजे दिवसभराच्या पावसात ऐन गरजेच्या वेळी बॅटरी उतरते. मोटारसायकलसाठी बनवलेल्या यंत्राचे पैसे खऱ्या अर्थाने इथे वसूल होतात : पडदा हातमोज्याने चालतो आणि वीज वायर न खुपसता यंत्र बसवायच्या खाचेतल्या धातूच्या टोकांमधून मिळते. यंत्र पाण्यात किती टिकते हे सांगणाऱ्या खोक्यावरच्या आयपीएक्स-७ या आकड्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. १ मीटर खोल संथ पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची ती हमी आहे. जोराने आदळणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि ती आयपीएक्स-५ व ६ या आकड्यांनी सांगतात. वेगात चालणाऱ्या गाडीवर समोरून येणारा पाऊस फवाऱ्यासारखाच येतो, त्यामुळे दोन्ही आकडे असलेले यंत्र मिळाल्यास तेच घ्यावे आणि गाडी धुताना यंत्र काढून ठेवावे.

विलेपार्ले, ३५० सीसी

फोन लावणाऱ्यांनी कॅमेऱ्याचा विचार करावा. जास्त ताकदीच्या मोटारसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असे अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केले आहे. आमच्या एकाच सिलिंडरच्या गाड्यांचे हादरे सर्वांना ठाऊक आहेत. कंपने शोषणारा रबरी तुकडा असलेला होल्डर घ्यावा किंवा महागडा फोन हँडलवर लावूच नये. माझा फोन जॅकेटच्या खिशात असतो आणि गाडीवर बसवलेला छोटा गोल पडदा ब्लूटूथने फक्त पुढचे वळण दाखवतो. मला तेवढे पुरते आणि नजर रस्त्यावरून फारशी हलत नाही.

कल्याण, १२५ सीसी

सर्वांना महाग यंत्र परवडणार नाही, म्हणून हा अनुभव मुद्दाम लिहीत आहे. मी वापरातून निघालेला जुना फोन फक्त मार्गदर्शनासाठी ठेवला आहे. त्यात सिम नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारे ऑस्मअँड हे अ‍ॅप त्यात घातले असून महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवला आहे. माळशेज घाटात नेटवर्क गेले तरी मार्ग दिसत राहतो, कारण उपग्रहाचा संदेश घ्यायला इंटरनेट लागत नाही. फक्त बराच काळ बंद असलेला, सिम नसलेला फोन पहिल्यांदा स्थान शोधायला वेळ घेतो. नेटवर्क असलेल्या फोनला उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून आयती मिळते; याला ती आकाशातून हळूहळू उतरवून घ्यावी लागते आणि एका उपग्रहाची माहिती पूर्ण यायला सुमारे अर्धे मिनिट लागते. म्हणून हेल्मेट घालण्याआधी फोन सुरू करून उघड्यावर ठेवावा. पत्ते शोधण्यात मात्र हे अ‍ॅप मागे आहे. ‘मारुती मंदिरासमोर, दुसरा मजला’ अशा आपल्या पत्त्यांना गूगलच हवे, तेव्हा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आधी घेऊन यात टाकावेत.

बोरिवली, लांब पल्ल्याचे फिरणे

लडाखला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे तिथे चालत नाहीत, त्यामुळे नकाशा यंत्रातच असणे सोयीचे नव्हे तर आवश्यक आहे. परदेशातून झूमो मागवल्यास त्यात, जिथून मागवले त्या भागाचे नकाशे असतात. भारताचा नकाशा वेगळा घालावा लागतो, आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले गार्मिनच्या स्वरूपातले नकाशे विनामूल्य मिळतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. केवळ उपग्रहाचा संदेश घेणारे जीपीएस आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या प्रकारचे यंत्र परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावर अशी यंत्रे सापडल्यामुळे प्रवाशांना अटकही झाली आहे. परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवताना नेमके मॉडेल लिहून द्यावे.

कुर्ला, वाहनांचे वायरिंग करणारे

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये यंत्र बिघडल्याची तक्रार बहुतेक वेळा विजेच्या जोडणीची निघते. यंत्राची वायर थेट बॅटरीला जोडली की गाडी बंद असतानाही चार्जर थोडी थोडी वीज ओढत राहतो आणि काही दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. जोडणी किल्लीने चालू-बंद होणाऱ्या वायरवरून रिले (विजेने चालणारा स्विच) लावून करावी, फ्यूज बॅटरीच्या जवळच असावा, यंत्राजवळ नव्हे. कारण मधली वायर कुठे घासून उघडी पडली तर तिचे रक्षण तो तिथूनच करू शकतो. ५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा चार्जर म्हणजे १० वॉट, आणि बॅटरीकडून तो जेमतेम १ अँपिअर घेतो, त्यामुळे त्या वायरवर मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालून काही साधत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि त्यानंतरच वायर बांधावी. टाकीच्या पुढे, हँडलच्या दांड्याखाली वायर नेमकी तिथे चेपते जिथे ती दिसत नाही; वरचे आवरण शाबूत असते आणि आतली तार तुटलेली असते, म्हणून यंत्र डावीकडे वळताना बंद पडते आणि सरळ झाल्यावर पुन्हा सुरू होते. अशी गाडी आली की आधी यंत्र न उघडता मी हँडल हलवून पाहतो.