घरच्या कोंबुचासाठी केग आणि नळ: जुन्या फ्रिजमध्ये कसं बसवायचं?

गॅलरीतली_बाग
१० लिटरच्या काचेच्या बरणीत घरी नियमित कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) होतो. आता बाटल्या भरणं थांबवून तो केगमध्ये (दाबाखाली पेय साठवायचं स्टीलचं पिंप) भरायचा आणि हॉलमध्ये नळाखाली ग्लास धरून घ्यायचा, असा बेत आहे. पाहुण्यांना दाखवण्याजोगं काहीतरी व्हावं ही इच्छा आहेच. बियर करायची नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय ती घरी करता येत नाही, त्यामुळे तो विषय नको. सामान मात्र बियरवाल्यांचंच लागणार.

हाताशी १९० लिटरचा एकदारी फ्रिज आहे, चालू स्थितीत. केग १९ लिटरचा, बॉल-लॉकचा (नळ्या खटक्याने बसतात तो) घ्यावा म्हणतोय. सुताराकडून व्हीनियरचं कपाट करून फ्रिज त्यात बसवायचा आणि वर नळाचा टॉवर काढायचा. केग बसेल का, भोक कुठे पाडायचं, गॅस (कार्बन डायऑक्साइड) किती दाबावर ठेवायचा आणि नळी किती लांब घ्यायची? शिवाय फ्लॅट पुण्यात, वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत तापते. एप्रिल-मेमध्ये बरणीचं काय करावं?

थंडमशीन
कपाटाचा बेत सोडा. फ्रिज आतली उष्णता बाहेर फेकतो, ती जायला वाट हवी. मागे काळी जाळी असेल तर तिच्यामागे १० सेंटीमीटर मोकळी जागा आणि वरून हवा निघायला फट लागते. जाळी दिसत नसेल तर उष्णता फेकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यामागे असतात. कॉम्प्रेसर चालू असताना बाजूला हात लावून पाहा, कोमट लागेल. अशा फ्रिजला प्लायमध्ये कोंबलं तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि उन्हाळ्यात बसतो.

भोकही याच कारणाने फक्त दारात पाडायचं. दारात पत्रा, फोम आणि आतलं प्लास्टिक, एवढंच असतं. बाजूला किंवा वर ड्रिल घातलं आणि नळी फुटली तर फ्रिज गेलाच, आणि नव्या फ्रिजमधला आर-६००ए हा थंडाव्याचा गॅस ज्वलनशील आहे. फ्रीझरचा डबाही कापू किंवा वाकवू नका, हा गॅस त्यातूनच फिरतो.

२२ ते २३ मिलिमीटरचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लागेल. आधी दाराची जाडी मोजा, शँक (दारातून आरपार जाणारा, नळ बसवायचा पाइप) तिच्यापेक्षा लांब हवा. टॉवर दिसायला छान, पण तो बाहेरच्या हवेत तापतो आणि पहिला ग्लास निव्वळ फेसाचा येतो. दारातला नळ शँकमुळे गार राहतो. शोभेसाठी दारावरच ४ मिलिमीटरचं व्हीनियर पॅनेल लावून घ्या. जाड प्लाय नको, वजनाने बिजागरी झुकते आणि गॅस्केट (दाराची रबरी कड) नीट चिकटत नाही.

आता केग. १९ लिटरचा केग साधारण २२ सेंटीमीटर व्यासाचा, ६४ उंच. वर कनेक्टर आणि नळीला आणखी ७-८ हवेत. एकदारी फ्रिजमध्ये खाली कॉम्प्रेसरची पायरी आणि वर फ्रीझर, त्यात हे बहुतेक बसत नाही. पुठ्ठ्याचं २३ बाय ७२ चं नळकांडं करा, आत उभं करा आणि दार पूर्ण लावून पाहा. दाराच्या आतले कप्पे काढावे लागतील, हे धरूनच मोजा. नाही बसलं तर साडेनऊ लिटरचा केग घ्या. तुमच्या १० लिटरच्या बरणीला तसाही तोच जुळतो.

विरजण
वरचं सगळं बरोबर. कोंबुचासाठी एक गोष्ट बियरपेक्षा वेगळी आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची: आम्ल. बियरचा पीएच चारच्या आसपास असतो, तयार कोंबुचाचा तीनच्या आसपास, कधी त्याहून कमी. त्यामुळे पेय जिथून जिथून जातं तिथे पितळ नको. नळ, शँक, नळी जोडायचा तुकडा, सगळं ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं हवं. पितळातलं तांबं आणि जस्त आम्लात उतरतं. नळाशी रात्रभर साचलेल्या घोटात ते सर्वांत जास्त असतं आणि सकाळी तोच पहिल्यांदा ग्लासात येतो.

गॅस: ४ अंशाला १२ पीएसआय (दाबाचं एकक) ठेवलं तर लिटरमागे साधारण अडीच लिटर वायू मुरतो. आठवडाभर लावून ठेवा, केग हलवत बसू नका. जास्त चुरचुरीत हवा असेल तर १७-१८ पीएसआय, म्हणजे तीन लिटरच्या जवळ. नळीचा आतला व्यास ५ मिलिमीटर असेल तर १२ पीएसआयला ३ मीटर लांबी ठेवा, १७-१८ ला ४ मीटरच्या पुढे. लोक नीट दिसावं म्हणून नळी आखूड कापतात, मग फेस आला की दाब कमी करतात. त्याने दोन दिवसांत पेयातला वायू सुटून नळीत बुडबुडे होतात आणि फेस उलट वाढतो. दाब तोच ठेवून नळी लांब घ्या, आत गुंडाळून ठेवा.

सिलिंडरच्या गळ्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते. पाच वर्षं उलटली असतील तर भरून मिळणार नाही, म्हणून जुना घेताना आधी तीच बघा. परदेशी रेग्युलेटरचे (सिलिंडरवरचा दाब ठरवणारा भाग) आटे आपल्याकडच्या व्हॉल्व्हला बसत नाहीत, दोन्ही एकाच दुकानातून जुळवून घ्या. सिलिंडरमध्ये द्रव असेपर्यंत रेग्युलेटरवरच्या सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा तापमान सांगतो, शिल्लक नाही (२० अंशाला ५७ बारच्या आसपास). शिल्लक कळते ती वजन करूनच. आणि सिलिंडर साखळीने उभा बांधा, हवेशीर जागी. २ किलोचा पूर्ण गळला तर हजारएक लिटर वायू निघतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो ४ टक्क्यांवर जातो, ही जिवावर बेतणारी पातळी आहे. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं, दर वेळी.

बरणीचं: २४ ते २८ अंश उत्तम. ३२ च्या वर आंबटपणा झपाट्याने चढतो आणि चव एकसुरी होते. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे परातीत पाणी, त्यात बरणी, भोवती ओलं सुती कापड आणि समोर टेबलफॅन, एवढ्याने चार-पाच अंश उतरतात. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, पण तेव्हा त्याची गरजही नसते. डिसेंबर-जानेवारीत हीटिंग मॅट आणि तापमानानुसार ती चालू-बंद करणारा एसटीसी-१००० कंट्रोलर (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत विचारा). कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये एफ-१ (हवं ते तापमान) ला २६, एफ-२ (किती अंश फरक पडला की चालू व्हायचं) ला १. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, काचेला चिकटवून वर फोमचा तुकडा लावा.

गाळणी
केगमध्ये भरताना दुहेरी मलमलीतून गाळा. यीस्टचे तंतू आणि पापुद्रे बुडाच्या नळीत अडकतात आणि धार मध्येच थांबते. तिच्याऐवजी तरंगती डिप ट्यूब (पृष्ठभागावरून पेय ओढणारी नळी) लावली तर वरचं नितळ पेय आधी येतं, हा खर्च करण्यासारखा आहे. आंब्याचा रस केगमध्ये घालू नका, रेषा हमखास अडकतात. आलं किसून, पिळून फक्त रस घाला. कोकम हवं असेल तर अमृत कोकम घ्या, आगळ नको. आगळात मीठ असतं. चव बिघडते आणि आम्लासोबतचं मीठ स्टीलला खड्डे पाडतं. ब्लीचने केग धुऊ नये तेही याचमुळे.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट, लिटरला ५ ग्रॅम, कोमट पाण्यात अर्धा तास, मग भरपूर साधं पाणी. दर केगला नळ पूर्ण सुटा करायचा. आतल्या ओ-रिंगखाली चिकट थर बसतो आणि नवा केग दुसऱ्याच दिवशी जुन्यासारखा लागतो.

फळांची साखर घातली की भरल्याबरोबर गार करा. गरम खोलीत ठेवलात तर यीस्ट काम करत राहतं आणि अल्कोहोल ०.५ टक्क्याच्या वर जाऊ शकतं. मुलं पिणार असतील तर साखर घालूच नका, बुडबुडे सिलिंडरमधूनच येऊ द्या.

गॅलरीतली_बाग
आभार. कपाट रद्द, दारातच नळ. दुकानात चकचकीत क्रोमचे नळ ‘स्टीलच’ म्हणून दाखवतात. ओळखायचं कसं? लोहचुंबकाने कळेल?

विरजण
नाही. पितळालाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही जवळजवळ नाही. नळ सुटा करायला सांगा आणि आतल्या आट्यांवर, दट्ट्याच्या टोकावर सुईने ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर परत द्या. मुलामा बाहेर कितीही जाड असला तरी दट्ट्या घासतो तिथे तो आधी जातो. शँकही तसाच तपासा, तो बहुतेक वेळा नळापेक्षा स्वस्त धातूचा देतात.