लॉगिन सांभाळणारी क्लाउड सेवा घ्यायची आहे (१४० माणसं मेलवर, २६० शॉप फ्लोअरवर). काय घ्यावं?

अंबडकर

नमस्कार मंडळी. मी मुळात मेंटेनन्सचा माणूस. इलेक्ट्रिकल डिप्लोमा, नाशिकला अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं. कधीतरी एक प्रिंटर चालू करून दिला आणि तेव्हापासून 'तुला त्यातलं कळतं' म्हणत आयटी माझ्या गळ्यात पडलंय.

झालं असं. परचेसमधला एक जण आषाढीच्या सुमारास सोडून गेला. नो ड्यूज झालं, आयकार्ड घेतलं, बूट-हेल्मेटसुद्धा मोजून घेतलं. डिसेंबरात कळलं की त्याचा मेल चालूच आहे आणि त्यावर येणारी कोटेशनं आपोआप त्याच्या खाजगी जीमेलवर जातायत. सहा महिने! त्याच महिन्यात जर्मन गिऱ्हाइकाने टिसॅक्सचं (गाड्यांच्या धंद्यातली माहिती-सुरक्षेची तपासणी) काय ते विचारलं. प्रश्नावलीतला एक प्रश्न होता, 'नोकरी सोडलेल्या व्यक्तीचे प्रवेशाधिकार किती वेळात काढता?' मी पेन खाली ठेवलं.

आता तीन रिसेलर येऊन गेले. एक ओक्टा म्हणतो, एक मायक्रोसॉफ्ट एंट्रा, तिसरा जम्पक्लाउड. तिघांच्याही पहिल्या आठ स्लाइडी एकच: बाजार कसा वाढतोय, बाण कसा वर चाललाय. बाजार वाढतोय हे पटलं हो, पण माझ्या कारखान्याचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बजेट विचारू नका, साहेब 'बघू' म्हणालेत.

खडकवासला_डाउनस्ट्रीम

पुण्यात आहे, चौदा वर्षं हेच काम. सल्ला देण्याआधी चार प्रश्न. मेल कुणाचा, आणि नेमका कोणता प्लॅन? ईआरपी (कारखान्याचा साठा-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) ब्राउझरमध्ये चालतो की सेटअप करून? शॉप फ्लोअरवर लॉगिन कुठे लागतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज तुमच्याकडे किती माणसं आहेत याची खरी यादी कुणाकडे आहे?

अंबडकर

मेल मायक्रोसॉफ्टचा, बिझनेस स्टँडर्ड, १४० सीट. ईआरपी इथल्याच एका माणसाने २००९ साली लिहून दिलेला, प्रत्येक पीसीवर सेटअप करावा लागतो, पासवर्ड त्याचा वेगळाच. सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) क्लाउडवर. फ्लोअरवर तीन टर्मिनल, जॉब कार्ड भरायला. तिन्हींना एकच पासवर्ड, तोही मॉनिटरला मास्किंग टेपवर लिहून चिकटवलेला (हसू नका). फोन आत न्यायला बंदी, म्हणजे ओटीपी-ऑथेंटिकेटर काही चालणार नाही.

यादी म्हणाल तर एचआरची एक, टाइम ऑफिसची एक, माझी एक. तिन्ही जुळत नाहीत.

खडकवासला_डाउनस्ट्रीम

मग तुमचं निम्मं उत्तर तुमच्याच बिलात आहे. बिझनेस प्रीमियम ३०० सीटपर्यंत मिळतो आणि त्यात एंट्रा आयडी पी-१ (त्याच एंट्राचा पैसे भरून मिळणारा प्लॅन) आतच येतं. पी-१ सुटं घेतलं तर यादीतला भाव माणशी महिना ६ डॉलर. १४० माणसांचे महिन्याला ८४० डॉलर झाले. त्याऐवजी १४० जणांचा प्लॅन स्टँडर्डवरून प्रीमियमवर न्यायला किती पडतं ते विचारा. रिसेलर हे आपणहून सांगत नाहीत, कारण नवीन वस्तू विकण्यात त्यांना जास्त सुटतं.

फ्लोअरसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ एफ-१ बघा. त्यात मेलबॉक्स नाही, पण आयडी आणि पी-१ आहे. सगळ्या २६० जणांना नको, टर्मिनलला हात लावणाऱ्यांनाच. फोन नाही म्हणता तर एफआयडीओ-२ वाली यूएसबी की द्या. खोचायची, पिन टाकायचा, झालं. हरवली तर आयकार्ड हरवल्यावर कापता तेवढेच पैसे कापा, कुणी हरवत नाही. स्वानुभव.

ईआरपीचं मात्र खोटं आश्वासन देणार नाही. ब्राउझरमध्ये चालणारा असता तर अ‍ॅप्लिकेशन प्रॉक्सीमागे (म्हणजे आधी एंट्राचं लॉगिन, मग ईआरपी) ठेवता आला असता. पीसीवर सेटअप केलेला, स्वतःचा पासवर्ड बाळगणारा ईआरपी कुठलीही आयडी सेवा आपोआप बंद करणार नाही. ओक्टा घ्या नाहीतर सोन्याची घ्या. तिथे माणूसच लागेल: एचआरचा फॉर्म, तुमची सही, त्याच दिवशी.

सीआरएमवाल्याला विचारा, एसएसओ (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) कोणत्या प्लॅनमध्ये आहे. बरेच जण ते सर्वांत महागड्या प्लॅनमध्ये दडवतात. आमच्या धंद्यात याला उघड 'एसएसओ टॅक्स' म्हणतात. आयडी सेवेच्या कोटेशनात हा खर्च कधीच दिसत नाही.

आणि नोंदी. पी-१ मध्ये साइन-इनच्या नोंदी ३० दिवस राहतात, फुकटात ७. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवस लागतात, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं हेही त्यातच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या डीपीडीपी (खाजगी डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या) नियमांत तर वर्षभर नोंदी ठेवायला सांगितलंय. म्हणजे नोंदी बाहेर काढून साठवायची सोय पहिल्या दिवसापासून करा. विकणारा ही गोष्ट रिन्युअलच्या वेळी काढतो.

बाजारभाव

त्या वर जाणाऱ्या बाणाबद्दल दोन शब्द. बाण खोटा नाही, पण पूर्ण गोष्टही नाही. ओक्टाचे आकडे उघड आहेत, वर्ष ३१ जानेवारीला संपतं. आर्थिक वर्ष २०२२ मध्ये १३० कोटी डॉलर, वाढ ५६ टक्के. त्यात ऑथ-झीरो या लॉगिनवाल्याच कंपनीची खरेदीही आली, साडेसहाशे कोटी डॉलरला घेतली होती. आर्थिक वर्ष २०२५ मध्ये २६१ कोटी, वाढ १५ टक्के. धंदा दुप्पट झाला आणि वेग मंदावला, दोन्ही एकदमच.

वाढ आली कशाने? २०२० मध्ये सगळे घरी बसले, ऑफिसच्या भिंतीला अर्थ उरला नाही. आत कोण, बाहेर कोण हे नेटवर्कवरून ठरायचं ते लॉगिनवरून ठरायला लागलं. शिवाय प्रत्येक खातं नवी क्लाउड सेवा घेत सुटलं. बाहेरच्या विमा कंपन्या एमएफए (पासवर्डच्या जोडीला आणखी एक पुरावा) असल्याशिवाय सायबर विमा देईनात. आता माणसांपेक्षा यंत्रांच्या आयडी जास्त आहेत: स्क्रिप्ट, एपीआय, एआय एजंट.

पण तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाने दुसरीच बातमी बघावी, ती म्हणजे या धंद्यातली दुकानं विकली जातायत. थोमा ब्राव्हो नावाच्या एकाच गुंतवणूक कंपनीने २०२२ मध्ये सेलपॉइंट ६९० कोटी डॉलरला आणि पिंग २८० कोटीला घेतली, २०२३ मध्ये फोर्जरॉक घेऊन पिंगमध्ये मिसळली. जुलै २०२५ मध्ये पालो आल्टोने सायबरआर्क सुमारे २५०० कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. एवढा पैसा ओतलेला माणूस तो वसूल कुठून करणार? रिन्युअलमधून. तीन वर्षांचा भाव पीओवर लिहून घ्या आणि सीट कमी करायची मुभाही. वाढवायची मुभा सगळेच हसत देतात.

गोविंदा_लिनक्सवाला

एवढी चर्चा कशाला? कीक्लोक टाका, आपल्याच सर्व्हरवर चालणारी लॉगिन सेवा. ओपन सोर्स, रेड हॅटने सुरू केलेलं, २०२३ पासून सीएनसीएफ या ना-नफा संस्थेकडे. सॅमल, ओपनआयडी कनेक्ट (एका ठिकाणचं लॉगिन दुसऱ्याला कळवायच्या ठरलेल्या पद्धती) सगळं आहे. माणशी शून्य रुपये.

सहकारातली_सुनीता

गोविंदा, भाऊ, आमच्या बँकेत टाकलं होतं. उत्तम चाललं. मग टाकणारा मुलगा बंगळुरूला गेला. सहा महिन्यांनी एका सोमवारी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपली, सकाळी साडेदहाला कुणालाच कुठेही लॉगिन होईना आणि बाहेर पेन्शनवाल्यांची रांग. सॉफ्टवेअरचा दोष शून्य, सांभाळणारा नाही हा दोष. अंबडकरांच्या आयटी खात्यात एकच माणूस आहे आणि तो मूळचा इलेक्ट्रिशियन आहे. (राग मानू नका, दादा.)

आम्ही शेवटी पुण्याच्या मिनीऑरेंजकडे गेलो. मराठीत फोनवर भांडता येतं, हे सुख लहान नाही. झोहो डिरेक्टरीही बघितली होती, तुमचं बाकीचं झोहोवर असेल तर तीच सोपी. तुमचा मेल मायक्रोसॉफ्टचा, म्हणून मी खडकवासलांशी सहमत.

गोविंदा_लिनक्सवाला

ताई, सर्टिफिकेट नूतनीकरण आपोआप होतं, दोन ओळींचं काम आहे.

सहकारातली_सुनीता

हो. त्या दोन ओळी बंगळुरूला गेल्या.

जर्सीची_मावशी

मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या आयटीत. २०२४ च्या फेब्रुवारीत विम्याचे क्लेम्स पुढे पाठवणारी चेंज हेल्थकेअर सायबर हल्ल्याने बंद पडली तेव्हा आमची क्लेम्स आठवडेच्या आठवडे अडकली होती. कारण काय? बाहेरून आत यायचं एक पोर्टल, त्यावर एमएफए नव्हतं. तिच्या मालक कंपनीच्या प्रमुखाने अमेरिकन संसदेत तसं सांगितलं. सेवा विकत घेतलेली असणं आणि प्रत्येक दारावर लावलेली असणं, यात केवढं अंतर आहे बघा.

दुसरं, तुम्ही महागातली महाग सेवा घ्याल, पण पासवर्ड विसरल्यावर काय? लास व्हेगासच्या एमजीएम या कॅसिनो कंपनीत सप्टेंबर २०२३ ला चोरांनी कर्मचारी असल्याची बतावणी करून हेल्प डेस्ककडूनच प्रवेश मिळवला. कंपनीला जवळपास १० कोटी डॉलरचा फटका. तुमच्याकडे हेल्प डेस्क म्हणजे तुम्हीच ना? मग 'मी अकाउंट्समधला अमुक बोलतोय, लवकर रीसेट कर' असा फोन आला तर करता का?

अंबडकर

मावशी, करतो. आवाज ओळखतो ना!

जर्सीची_मावशी

आता आवाजाचीही नक्कल निघते, बाळा. फोन ठेवायचा आणि एचआरच्या यादीतल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. फुकट आहे.

नवखा_९९

बाळबोध प्रश्न. आपल्याकडे आधार आहे, अंगठा आहे, हजेरीचं मशीन आहे. मग वेगळी आयडी सेवा कशाला?

खडकवासला_डाउनस्ट्रीम

बाळबोध नाही. आधार 'हा माणूस कोण' एवढंच सांगतो. पहिले आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले, तेव्हापासून त्याचं मूळ काम तेच आहे. हा माणूस आज परचेसमध्ये आहे का, त्याने कुठली फाइल उघडावी, उद्या राजीनामा दिला तर काय, हे आधारला माहीत नाही. हजेरी मशीनला थोडं माहीत असतं, म्हणून तर मी यादी विचारली.

गोविंदा_लिनक्सवाला

ओक्टाचं २०२३ कुणी काढलंच नाही अजून. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सपोर्ट यंत्रणेतच चोर शिरला. एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये खाजगी गूगल खातं उघडलं होतं, त्यात सर्व्हिस अकाउंटचा (माणसाचं नव्हे, यंत्रणेचं खातं) पासवर्ड साठवला गेला. आधी म्हणाले एक टक्क्याहून कमी गिऱ्हाइकं. नोव्हेंबरात कळलं की सपोर्ट वापरणाऱ्या सगळ्यांची नावं-मेल गेले. कुलपं विकणाऱ्याची ही गत.

खडकवासला_डाउनस्ट्रीम

खरंय. आणि मायक्रोसॉफ्टवाल्यांनी हुरळून जाऊ नये. १५ मार्च २०२१ ला त्यांच्या आयडी सेवेत डिजिटल किल्ल्या बदलताना चूक झाली आणि जगभर टीम्सपासून सगळं तासन्‌तास अडलं. म्हणून अंबडकर, दोन आपत्कालीन अ‍ॅडमिन खाती करा, कुणाच्याही नावाची नाहीत. की बंद पाकिटात, पाकीट कॅशियरच्या तिजोरीत. वर्षातून दोनदा उघडून चालतात का बघायचं.

नवखा_९९

अवांतर: बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाजार एवढा वाढतोय तर यात नोकरी आहे का?

खडकवासला_डाउनस्ट्रीम

आहे. मायक्रोसॉफ्टची या विषयातली एससी-३०० परीक्षा दे, पण आधी सॅमल आणि ओआथ कागदावर काढून समजव, मुलाखतीत मी तेच विचारतो. गोविंदाचं कीक्लोक घरच्या लॅपटॉपवर टाकून शीक. त्या कामाला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

अंबडकर

दीड महिन्याने येतोय, माफी.

रिसेलरांना थांबवलं आणि आधी तिन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या. एचआरची बाई, टाइम ऑफिसचा माणूस आणि मी, दोन शनिवार चहावर चहा. १४० सीटमध्ये २३ मेल सोडून गेलेल्यांचे निघाले, त्यातला एक माणूस २०१९ मध्ये रिटायर झालेला. आणखी सहा 'टेस्ट', 'टेस्ट२' आणि 'ऑडिटर' अशा नावांचे. सगळ्यांचे पैसे आम्ही दर महिन्याला भरत होतो. म्हणजे वाढत्या बाजारातला खारीचा वाटा आमचाही.

आता १११ सीट प्रीमियमवर जातायत, बंद झालेल्या २९ सीटच्या पैशातून फरकाचा काही भाग निघतो. फ्लोअरवर ३४ जणांना एफ-१ आणि की. मास्किंग टेप काढली, डाग राहिलाय. नो ड्यूजच्या फॉर्मवर हेल्मेटच्या वर 'लॉगिन बंद' ही ओळ आली, माझ्या सहीशिवाय फुल अँड फायनल निघत नाही. ईआरपीवाल्याला बोलावलं, तो म्हणतो ब्राउझरमध्ये आणून देतो, किंमत ऐकून साहेब पुन्हा 'बघू' म्हणाले. पीओवर तीन वर्षांचा भाव लिहून मिळाला. सीट कमी करायची मुभा वर्षातून एकदाच दिली, तिथे मी हरलो.

एकच अडलंय. सगळ्यांना एमएफए लावलं, साहेब सोडून. म्हणतात मला त्या कटकटीत घालू नकोस.

सहकारातली_सुनीता

आणि सगळ्यात जास्त अधिकार कुणाच्या आयडीला, दादा?

अंबडकर

त्यांच्याच. गुरुवारी प्लँटला येतायत. एक की त्यांच्या गाडीच्या किल्लीच्या कड्यात अडकवून ठेवतो, ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.