खऱ्या रेल्वेवरची आणि मॉडेल ट्रेनची पुस्तकं: नेमकी कुठली घ्यावीत?

डोंगरातली_मालगाडी:
नमस्कार मंडळी. मॉडेल ट्रेनचा छंद आहे पण आत्तापर्यंत एचओचा (खऱ्याच्या १/८७ मापाचा) तयार सेट, एक ओव्हल, रूळ बदलायचे दोन सांधे आणि चार मालडबे एवढ्यावरच चाललंय. आता नीट लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर, स्टेशनं असा सगळा देखावा, बांधायचाय. अमेरिकन रेल्वे, डोंगरातली मालगाडीची लाइन, आणि वाफेची इंजिनं जाऊन डिझेल येत होती तो काळ, एवढं डोक्यात पक्कं आहे. त्यासाठी पुस्तकं घ्यायचीत आणि तिथेच गाडी अडलीये. एकीकडे खऱ्या रेल्वेची जाडजूड फोटोंची पुस्तकं, दुसरीकडे 'लेआउट कसा बांधावा' टाइपची, त्यात परत वायरिंगची वेगळी, डोंगर-झाडांची वेगळी, नुसत्या प्लॅनची वेगळी. सगळी घेणं शक्य नाही, कपाटातही जागा नाही. आधी खऱ्या रेल्वेचं घ्यावं का मॉडेलचं? आणि जुनी, वापरलेली पुस्तकं घेतली तर चालतात का, की त्यातली माहिती आता बाद झालीये?

सांधेवाला:
आधी लाइन ठरवा, मग पुस्तक शोधायला वेळ लागत नाही. 'अमेरिकन डोंगर' हा आवाका फार मोठा झाला. एक सेक्शन धरा आणि पाच-दहा वर्षांचा काळ धरा.

उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातला तेहाचापीचा डोंगरी सेक्शन घ्या. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीची लाइन, तिथला प्रसिद्ध लूप १८७६ मध्ये पुरा झाला, सँटा फे या दुसऱ्या कंपनीच्या गाड्याही त्याच रुळांवरून जायच्या. चढ २.२ टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की जवळपास सव्वादोन फूट वर. लूपवर लाइन एका टेकडीभोवती पूर्ण गिरकी घेते, ७७ फूट चढते आणि स्वतःच्याच डोक्यावरून निघून जाते, गाडी लांब असली तर इंजिन वरून जाताना त्याच गाडीचे मागचे डबे खालच्या बोगद्यात असतात. आता हे एचओमध्ये, म्हणजे १:८७ ने, करून बघा. ७७ फुटांचे होतात जेमतेम २७ सेंटिमीटर, ते जमेल. पण लूपची लांबी साधारण १.१७ किलोमीटर आहे, तिचे होतात साडेतेरा मीटर, नुसत्या गोलाचाच व्यास सव्वाचार मीटरच्या आसपास. आणि तुमच्या सेटमधलं वळण बहुतेक १८ इंच त्रिज्येचं असणार, खऱ्या मापात ते ४० मीटर झालं, मेन लाइनवर एवढं आवळलेलं वळण कोणी ठेवत नाही.

म्हणून दोन्ही प्रकारची पुस्तकं लागतात. खऱ्या रेल्वेचं पुस्तक सांगतं तिथे काय होतं आणि का होतं, मॉडेलचं पुस्तक सांगतं त्यातलं काय ठेवायचं आणि काय कापायचं. पण माझं मत विचाराल तर पहिलं पुस्तक खऱ्या रेल्वेचंच, आणि तेही एकाच लाइनवरचं. त्यात रुळांचे नकाशे, स्टेशनं, साइडिंगच्या (गाडी बाजूला थांबवायच्या रुळांच्या) लांब्या, चढाचा आलेख असायलाच पाहिजे. 'का' समजणं फार महत्त्वाचं आहे. सदर्न पॅसिफिककडे केबिन पुढच्या बाजूला असलेली वाफेची इंजिनं होती, नुसता फोटो बघितला तर इंजिन उलटं जोडलंय असं वाटतं. लाइनवरचं चांगलं पुस्तक सांगतं की लांब बोगद्यांत आणि बर्फापासून बचावासाठी बांधलेल्या लाकडी छपरांखाली धुराने ड्रायव्हर-फायरमन गुदमरायचे म्हणून केबिन पुढे घेतली, आणि इंजिन तेलावर चालणारं होतं म्हणूनच ते जमलं, कारण तेल पाइपने पुढे नेता येतं, कोळसा फावड्याने एवढ्या लांब कोण नेणार. हे एकदा वाचलं की आपल्या लेआउटवर बोगदे कुठे हवेत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

खडी_आणि_रूळ:
सांधेवाला यांच्याशी बराचसा सहमत, फक्त क्रम उलटा ठेवीन. प्लॅनिंगचं पुस्तक आधी वाचा. खऱ्या रेल्वेची पुस्तकं वाचत बसलं की सगळंच हवंसं वाटायला लागतं आणि टेबलावर एक रूळ पडत नाही, असे खूप लोक बघितलेत.

जॉन आर्मस्ट्राँग यांचं 'ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअलिस्टिक ऑपरेशन' १९६३ साली पहिल्यांदा आलं आणि आजही मी पहिलं म्हणून तेच सांगतो. गाडी नुसती गोल फिरवायची नसते, तिला काम असतं, कुठून तरी माल उचलायचा, कुठे तरी सोडायचा, समोरून गाडी आली तर साइडिंगला थांबायचं, आणि हे सगळं व्हायला रूळ कसे टाकावे लागतात ते त्यात आहे. खोलीचा नकाशा वळणाच्या त्रिज्येवर बेतलेल्या चौकोनांत वाटून काय बसेल काय नाही हे आधीच कागदावर कळतं, करवत हातात घ्यायच्या आधी.

जुन्या पुस्तकांबद्दल: विषय बघून ठरवा. वळण, चढ, यार्डाची रचना ह्या गोष्टी जुन्या होत नाहीत. वायरिंग मात्र होतं. जुन्या पुस्तकांत लेआउटचे ब्लॉक, म्हणजे विजेचे वेगवेगळे तुकडे, पाडायचे, प्रत्येक ब्लॉकला स्विच, आणि एका वेळी एका ब्लॉकमध्ये एकच इंजिन चालवायचं असं असतं. १९९० च्या दशकात डीसीसीचं (डिजिटल कमांड कंट्रोल) स्टँडर्ड आलं, आता रुळांत कायम करंट असतो आणि प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला स्वतंत्र हुकूम जातो. तेव्हा १९७० च्या पुस्तकातलं वायरिंगचं प्रकरण सरळ सोडून द्या आणि बाकीचं जपून वाचा. वायरिंगसाठी वेगळं पुस्तक घ्यायचीच गरज नाही असं मला वाटतं, तुम्ही जी सिस्टिम घ्याल तिचं मॅन्युअल नीट वाचा.

अजून एक, ब्रिटिश पुस्तक घेतलंत तर स्केल बघा. त्यांचं ओओ म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, एचओ म्हणजे फुटाला साडेतीन, आणि रूळ मात्र दोघांचे १६.५ मिलिमीटरचेच. त्यामुळे रुळांचा प्लॅन तसाच्या तसा चालतो पण इमारतीचं ड्रॉइंग साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर आणावं लागतं, नाहीतर स्टेशन इंजिनापेक्षा बोजड दिसतं.

गार्डाचा_डबा:
फोटोंच्या पुस्तकांबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात. पुस्तक हातात घेतलं की मधलं कुठलंही पान उघडा आणि फोटोखालची ओळ वाचा. 'डोंगरातून धावणारी दिमाखदार मालगाडी' एवढंच असेल तर ठेवून द्या. जागा, साल, गाडी कुठल्या दिशेला चाललीये, इंजिनाचा नंबर, असं असेल तर घ्या, छपाई साधी असली तरी घ्या.

सालाला एवढं महत्त्व का, तर तुम्ही निवडलेला काळ भराभर बदलणारा आहे. मालगाडीसाठीची एफटी डिझेल १९३९ मध्ये आली आणि १९६० पर्यंत मोठ्या अमेरिकन लाइनींवरची वाफ जवळपास संपली. डबेही बदलत होते. १९३३ पासून नव्या डब्यांना एबी प्रकारचे एअर ब्रेक आले, जुन्या के प्रकारच्या ब्रेकचे डबे १९५३ नंतर दुसऱ्या रेल्वेच्या रुळांवर जाऊ शकत नव्हते. बॉक्सकारच्या (बंद मालडब्याच्या) छपरावर चालायला जी फळी असते ती १९६६ नंतरच्या नव्या डब्यांवर नाही. म्हणजे १९५० चा लेआउट आणि छपरं सगळी मोकळी, हे जाणकाराला लगेच खटकतं. तारीख नसलेल्या फोटोवरून यातलं काहीच ठरवता येत नाही.

कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवताना तर फारच सांभाळा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे तांबडा डबा फोटोत जवळजवळ काळा येतो. आणि कारखान्यात नव्या इंजिनाचा फोटो काढताना बारकावे उठून दिसावेत म्हणून त्याला बऱ्याचदा फिका राखाडी रंग द्यायचे, लाइनवर जायच्या आधी तो बदलायचा. पुस्तकात तो फोटो छान मोठा छापलेला असतो, त्यावर विसंबू नका.

ड्रॉइंग असतील तर त्यावर लिहिलेलं माप आणि कागदावरची लांबी पट्टीने ताडून बघा. छापताना पानात बसवायला आकार थोडा कमी-जास्त करतात आणि खाली १:८७ तसंच राहतं.

डोंगरातली_मालगाडी:
वा, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, तिघांचेही मनापासून आभार. तेहाचापी डोक्यात बसलंय, काळ १९४७ ते ५३ धरतो. एकच शंका उरली. इंजिनांचा एक मोठा चकचकीत कोश बघून ठेवलाय, बिग बॉयचे काय फोटो आहेत त्यात! तो घेऊ का नको? लाइनसाठी उपयोग नाही हे कळतंय पण हात मागे घेववत नाही.

सांधेवाला:
बिग बॉय ही युनियन पॅसिफिक रेल्वेची अवाढव्य वाफेची इंजिनं, १९४१ ते ४४ मध्ये २५ बांधली, युटा-वायोमिंगकडच्या चढांसाठी. तेहाचापीवर त्यांचं काम नाही. शिवाय टेंडरसकट (मागच्या पाणी-कोळशाच्या डब्यासकट) लांबी १३२ फूट, म्हणजे एचओत ४६ सेंटिमीटर, तुमच्या १८ इंची वळणावर बॉयलरचं पुढचं टोक रुळांच्या बाहेर झुकेल.

खडी_आणि_रूळ:
तरी घ्या म्हणतो. महिनोन्‌महिने नुसतं प्लायवूड आणि वायरी बघायच्या असतात, तेव्हा संध्याकाळी असं पुस्तक उघडून बसलं की दुसऱ्या दिवशी परत काम करावंसं वाटतं. फक्त त्यातून मापं घेऊ नका.

गार्डाचा_डबा:
+१, पण त्याचा नंबर तिसरा. आधी तेहाचापीवरचं आणि आर्मस्ट्राँग, दोघांपैकी जे आधी मिळेल त्याने सुरुवात करा. आणि एक फुकटातलं सांगतो, मालडबे बांधणाऱ्यांसाठीचा कार बिल्डर्स डिक्शनरी म्हणून संदर्भग्रंथ १८७९ पासून निघत आला, जुन्या आवृत्त्यांचा कॉपीराइट संपलाय त्यामुळे त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचायला मिळतात. तुमच्या काळाच्या त्या आधीच्या आहेत, पण ब्रेक, ट्रक (डब्याखालचा चाकांचा सांगाडा), दारं, कड्या प्रत्येक भागाचं नाव आणि चित्र त्यात आहे. १९४७ साली धावणारे बरेच डबे जुनेच होते, ते त्यात सापडतील. आणि त्या सेक्शनचं कर्मचाऱ्यांसाठीचं टाइमटेबल कुठे मिळालं तर सोडू नका, साइडिंगमध्ये किती डबे मावतात आणि कुठल्या वळणावर किती स्पीड, सगळं त्यात असतं.