मदत हवी आहे: पेडलच्या छोट्या डब्यात जॅक मावत नाहीत

देवगडचा_तारकरी
गिटारसाठी ओव्हरड्राइव्हचं (आवाज फाडणारं) पेडल घरी केलंय. टेबलावर झकास वाजतं, डब्यात भरलं की गप्प. केबल खुपसायच्या जॅकना जागाच नाही. शनिवारी वाजवायचंय, लवकर सांगा.

सोल्डरबाबा
डबा कुठला? जॅक कुठले? गप्प म्हणजे नेमकं काय होतं? फोटो टाका.

माडावरसून
डबो मोठो घे. १२५बी मापाचो घे. छोट्या डब्याच्या नादाक लागा नको.

देवगडचा_तारकरी
मोठा डबा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचा तर शनिवार उलटून जाईल. आणि भोकं पाडून झालीत. डबा आपला नेहमीचा छोटा, जॅकही नेहमीचे.

सोल्डरबाबा
"नेहमीचा छोटा" नावाचा डबा अजून कोणी काढलेला नाही. पट्टी लावा.

देवगडचा_तारकरी
लावली. ९२ बाय ३८, उंची ३१ मिमी. जॅक उघडे, पात्या दिसतात ते. फोटो जात नाहीये, रेंज एकच दांडी.

सोल्डरबाबा
म्हणजे १५९०ए मापाचा डबा. आता ऐका. ६.३५ मिमीच्या प्लगची (केबलच्या टोकाची) दांडी साधारण ३१ मिमी आत येते. डब्याची आतली रुंदी ३५च्या आसपास. दोन्ही जॅक समोरासमोर एका रेषेत असतील तर दोन दांड्या एकमेकींवर आदळणारच. एक वर, एक खाली सरकवावा लागतो. तुमचे कसे आहेत?

देवगडचा_तारकरी
वरखालीच आहेत हो, तेवढं कळतं. शेजारच्या होडीच्या इंजिनवाल्याकडून १० मिमीची भोकं पाडून घेतली. दोन्ही केबल आत जातात.

सोल्डरबाबा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर? म्हणजे जॅक मावतात. तक्रार वेगळीच आहे.

रत्नागिरी_रिदम
मुळात खाऱ्या हवेत उघडे जॅक लावूच नयेत. दोन पावसाळ्यांत माझ्या पात्यांवर हिरवट थर चढला. बंद प्लास्टिकवाले घ्या.

सोल्डरबाबा
बंद जॅकच्या आतही हवा जातेच. तिथे थर चढला तर पुसताही येत नाही, जॅकच बदला. उघड्या पातीवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काम झालं. शिवाय या डब्यात बंदवाला जास्त जागा खातो.

रत्नागिरी_रिदम
माझे बंद जॅक पाच वर्षं चालू आहेत. बाकी तुमची मर्जी.

डबलबारी_फॅन
बॅटरीवर चालवणार असाल तर इनपुटला स्टिरिओ जॅक लावा. बॅटरीची उणे तार रिंगला (प्लगचं टोक म्हणजे टिप, मधली कडी रिंग, मागची दांडी स्लीव्ह). मोनो प्लग घातला की रिंग आणि स्लीव्ह जुळतात आणि पेडल चालू होतं. केबल काढली की बॅटरी वाचते.

देवगडचा_तारकरी
या डब्यात बॅटरी कुठे ठेवू, डोक्यावर? अडॅप्टर आहे, ९ व्होल्टचा.

कुणकेश्वर_साउंड
डीसी सॉकेट धातूचं आहे का? पेडलला सहसा मध्ये उणे, बाहेर अधिक असतं. सॉकेटची बाहेरची बाजू डब्याला टेकली आणि डबा जॅकमधून ग्राउंड झालेला असला की सप्लाय थेट शॉर्ट. झाकण लावल्यावर एलईडी विझतो का?

देवगडचा_तारकरी
सॉकेट प्लास्टिकचं. एलईडी पेटलेला राहतो, फक्त आवाज जातो. हो, झाकण लावल्यावरच जातो. सांगायचं राहिलं.

सोल्डरबाबा
🙏 एवढंच हवं होतं. बायपासमध्येही (इफेक्ट बंद, सिग्नल सरळ आरपार) जातो?

देवगडचा_तारकरी
हो, तेव्हाही. थांबा, लाईट गेली.

कोपऱ्यातला_कीबोर्ड
अँप कोणता आहे? माझ्याकडे २० वॉटचा आहे, काढायचाय. कणकवलीला येऊन घेऊन जा.

सोल्डरबाबा
बायपासमध्येही जातो म्हणजे सर्किट निर्दोष. प्लग आत गेला की उघड्या जॅकची टिपची पाती बाहेर फाकते. ती झाकणाला टेकली की सिग्नल ग्राउंडला गेला. टेबलावर झाकणच नव्हतं, म्हणून वाजत होतं.

कुठला जॅक ते असं शोधा: अडॅप्टर काढा, फुटस्विच (पायाने दाबायचं बटण) इफेक्टच्या बाजूला ठेवा (बायपासमध्ये दोन्ही जॅक एकमेकांना जोडलेले असतात, काही कळणार नाही). व्हॉल्यूम पूर्ण वर करा, शून्यावर असला तर आउटपुट उगाच शॉर्ट दिसेल. झाकण लावा. एका वेळी एकच केबल घाला आणि तिच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्हवर मल्टिमीटर बीपवर ठेवून धरा. वाजला की तोच जॅक.

नट सैल करून जॅक फिरवा. पाती झाकणापासून लांब, डब्याच्या मोकळ्या बाजूला हवी. झाकणाला आतून इन्सुलेशन टेप लावा, पण नुसत्या टेपवर विसंबू नका, पातीची धार ती कापते.

माडावरसून
म्हणान सांगलंय मोठो डबो घे.

देवगडचा_तारकरी
लाईट आली. आउटपुटचा जॅक होता. झाकणाच्या आतल्या रंगावर नखाएवढा चकचकीत ओरखडा पडलाय, अगदी पातीच्या जागी. जॅक फिरवला तर आता पाती फुटस्विचच्या पायाला (तार जोडायच्या टोकाला) लागू बघतेय. तो पाय कापू का?

सोल्डरबाबा
अजिबात नाही! पायावर श्रिंक ट्यूब (तापवून आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि जॅक अजून थोडा फिरवा. पावगिरकीसुद्धा पुरेल.

देवगडचा_तारकरी
श्रिंक ट्यूब नाही. बॉलपेनची रिफिल कापून चढवली. झाकण लावून वाजतंय. नटाखाली दातेरी वॉशर टाकू ना, म्हणजे परत फिरणार नाही?

सोल्डरबाबा
टाका. डब्याच्या आतल्या बाजूने. बाहेरच्या बाजूला साधा.

कोपऱ्यातला_कीबोर्ड
अँपचं काय ठरलं मग?