पाचव्याचा हात लागला म्हणून बँड बाटतो का?

जुनी कॅसेट

गेल्या आठवड्यात आपल्या या चर्चेच्या धाग्यावर 'चौघेच पुरे' या नावाने लिहिणाऱ्यांनी असे लिहिले की, आपल्या सोलापूरच्या एका चार मुलांच्या बँडने पहिल्याच ध्वनिमुद्रणासाठी पुण्याहून व्हायोलिनवादक बोलावला आणि त्याच दिवशी तो बँड संपला. ज्या रेकॉर्डवर पाचव्याचा हात लागला, ती चौघांची राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी ते दोनदा वाचले, मध्ये चहा घेतला, आणि तरीही राग गेला नाही. हे संगीताविषयीचे मत नसून निव्वळ सोवळे आहे.

ज्या बीटल्सची चौकडी म्हणून आरती ओवाळली जाते, त्यांच्या १९६२ सालच्या 'लव्ह मी डू' या पहिल्या गाण्याची जी आवृत्ती पुढे अल्बममध्ये गेली, तिच्यात ड्रमवर अँडी व्हाइट हा बाहेरचा वादक बसला आहे आणि बँडचा हक्काचा ड्रमर रिंगो स्टार शेजारी उभा राहून खंजिरी वाजवतो आहे. बर्ड्स या बँडच्या १९६५ सालच्या पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डवर तर पाचांपैकी एकट्या रॉजर मॅग्विनने वाद्य वाजवले. बाकीची वाद्ये स्टुडिओतल्या रोजंदारीवरच्या वादकांची आहेत. टीव्ही मालिकेसाठी जमवलेल्या मंकीज या बँडने मालकांशी भांडून १९६७ साली 'हेडक्वार्टर्स' हा अल्बम स्वतः वाजवला, याचे कौतुक सगळे करतात. पण त्यातही बहुतेक ठिकाणी बेस निर्माता चिप डग्लसचा आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. आता यांपैकी कोणता बँड मेला, ते आपण सांगावे.

चौघेच पुरे

माझे वाक्य आपण अर्धे उचलले. बाहेरचा वादक घेणे हे पाप आहे असे मी म्हटलेले नाही. त्याने बँडला आळस लागतो, असे म्हटले होते. उदाहरणच हवे असेल, तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनचे घ्या. त्यांच्या १९७५ सालच्या अल्बमवर सिंथेसायझर वापरलेला नाही असे मुद्दाम छापले होते, आणि त्याच अल्बमवर ब्रायन मे याने, वडिलांच्या मदतीने घरी बनवलेल्या गिटारवर थरावर थर चढवून, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटचा अख्खा जाझ बँड ऐकू येईल असा भास उभा केला. दारातून क्लॅरिनेटवाला आत आला असता, तर ही युक्ती ब्रायन मे याला कशाला सुचली असती?

आणि हे मी पुस्तकी सांगत नाही. २००४ साली आम्ही चौघांनी सोलापूरच्या पूर्व भागात मित्राच्या माडीवर, शेजारचे माग रात्री थांबले की खिडक्यांना दोन-दोन चादरी टांगून, तीन गाणी मुद्रित केली होती. एका गाण्यात जागा रिकामी वाटली म्हणून बाहेरचा कीबोर्डवाला आणला आणि त्याने अर्ध्या तासात ती जागा इतकी सुंदर भरली की आम्ही खूश झालो. पुढे एका स्नेहसंमेलनात तेच गाणे चौघांनी वाजवले, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "मालक, निम्मं गाणं घरी विसरलं का?" तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बेसवाला

आपल्या माडीबद्दल सहानुभूती आहे, परंतु क्वीनचे उदाहरण आपल्याच गळ्यात पडते. १९८० सालच्या 'द गेम'मध्ये त्यांनी सिंथेसायझर घेतलाच, १९८४ च्या अल्बमवर फ्रेड मँडेल कीबोर्ड वाजवतो, आणि १९९१ साली 'इन्युएंडो'मधला स्पॅनिश धाटणीचा गिटारचा तुकडा येस बँडच्या स्टीव्ह हाउने वाजवलेला आहे, तेही ब्रायन मेसारखा वादक घरात असताना. रशसारखा तिघांचा हट्टी बँड घेतला, जिथे गेडी ली हाताने बेस आणि पायाने आणखी एक वाद्य वाजवत गात असे, तरी त्यांच्याही १९७६ च्या अल्बमवर एका गाण्यात मेलोट्रॉन वाजवायला कव्हरचे चित्र काढणारा ह्यू साइम आहे.

मेलोट्रॉनवरून आठवले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा असतो आणि पट्टी दाबली की कोणीतरी आधी वाजवून ठेवलेली बासरी किंवा व्हायोलिन साधारण आठ सेकंद ऐकू येते. मग पट्टी दाबणारा घरचा असला, तर ती बासरी घरची झाली का?

हलगीवाल्याचा नातू

हा प्रश्न विचारल्याबद्दल बेसवाल्यांचे आभार, कारण आमच्या घरात तो गेली काही वर्षे रोज विचारला जातो. माझे आजोबा आणि त्यांच्यामागे काका हलगी वाजवत आले. काकांना एकदा एका स्टुडिओत नेले. नाव घेत नाही. हिवाळ्याची सकाळ होती, म्हणून काकांनी आधी अंगणात कागद पेटवून कातडे शेकले, बोटाने टिचकी मारून पाहिले, पुन्हा शेकले, आणि आत त्या गार खोलीत पोहोचेपर्यंत हलगी पुन्हा उतरली, म्हणून चार वेळा बाहेर पळावे लागले. त्यांच्याकडून गाणे वाजवून घेतलेच नाही. एकेक ठोका वेगळा मागितला: जाड काठीचा, बारीक काडीचा, कडेवरचा, मधला. एका दिवसाची मजुरी दिली आणि निरोप दिला.

त्यानंतर गणपतीच्या मिरवणुकीत, लेझीमच्या डावामागे उभ्या गाडीवर एक मुलगा ऑक्टोपॅडवर, म्हणजे आधी भरून ठेवलेले ठोके वाजवणाऱ्या विजेच्या पॅडवर, दोन काठ्या आपटत होता आणि काका रस्त्यातच थांबले. ते म्हणाले, "हा कडेचा ठोका माझा आहे." मी हसलो. आता हसत नाही. तेव्हा "आम्ही चौघांनीच वाजवले, बाहेरचे कोणी नाही" असे अभिमानाने लिहिणाऱ्या बँडांनी आपल्या पॅडच्या पोटात कोण बसला आहे, ते आधी पाहावे.

चौघेच पुरे

भावना समजते, पण तर्क पटत नाही. गिटारची तारही आम्ही ओढलेली नाही. मग तार बनवणाऱ्या कारागिराचेही नाव कव्हरवर घालायचे का? ऑक्टोपॅड हे यंत्र आहे आणि यंत्राला बाहेरचा वादक म्हणणे ही कविता झाली.

हलगीवाल्याचा नातू

तार ओढणारा तार ओढतो, वाजवत नाही. काकांनी वाजवले आहे. एवढा फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी चौघांचे पावित्र्य आम्हाला शिकवू नये. व्हायोलिनवाला पुण्याहून तिकीट काढून, पेटी घेऊन समोर आला, तर बँड बाटतो. आणि हलगीवाला न सांगता, फुकटात, डबीत बंद होऊन आला, तर बँड शुद्ध राहतो. याला आमच्याकडे पुढच्या दाराने हाकलणे आणि मागच्या दाराने राबवून घेणे म्हणतात, आणि ते आम्ही बरेच पाहिले आहे.

बेसवाला

शब्द कडक आहेत, पण खोटे नाहीत. विन्स्टन्स या बँडच्या १९६९ सालच्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन या ड्रमरने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला आहे. तो तुकडा पुढे अगणित गाण्यांत कापून चिकटवला गेला आणि कोलमनला त्याचे मानधन कधीच मिळाले नाही. त्या गाण्यांवर कोणी "पाहुणा ड्रमर" असे लिहिले नाही. चौघेच पुरे यांच्या व्याख्येत ती सारी गाणी सोवळ्यातली ठरतात.

तिसरी रांग

मी हिंदी चित्रपटसंगीतावर वाढलेला माणूस असल्यामुळे मला ही सगळी चर्चाच मजेशीर वाटते. आमच्या रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावे असत. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या माणसांनी स्वरलेखन करून वादकांचा ताफा उभा केला, हे आम्हाला फार उशिरा कळले. तिकडे सगळेच बाहेरचे होते आणि गाणी मात्र टिकली. तेव्हा "घरचे" कोण, हा प्रश्न बँडवाल्यांनी आपसांत सोडवावा; बाकीच्यांना तो पडलेला नाही.

जुनी कॅसेट

धागा मी सुरू केला व्हायोलिनसाठी आणि तो हलगीवर गेला, याबद्दल माझी तक्रार नाही. उलट माझ्या पहिल्या लेखात एक गोष्ट राहिली होती. बीटल्सच्या १९६६ सालच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या कव्हरवर एका गाण्यातल्या तबल्यासाठी अनिल भागवत हे मराठी नाव स्पष्ट छापलेले आहे. मात्र त्याच गाण्यात वाजवलेल्या इतर भारतीय वादकांची नावे तिथे नाहीत. १९६९ साली 'गेट बॅक'च्या रेकॉर्डवर बँडच्या नावाला जोडून बिली प्रेस्टनचे नाव आले. म्हणजे नाव घालायला जागा असते. घालायचे की नाही, हे घालणाऱ्याच्या मनावर असते. बाहेरच्यांना घेतले की नाही, यावर आपण चार दिवस भांडलो, आणि काकांची तक्रार मुळात घेण्याबद्दल नव्हतीच.

बेसवाला

जाता जाता: माझ्या स्वतःच्या बँडच्या दोन गाण्यांत हलगी आहे आणि ती पॅडवरची आहे. कोणाची आहे, हे मला माहीत नाही. कालपर्यंत हा प्रश्न मला पडलाही नव्हता, म्हणून वर जे शहाणपण पाजळले, त्यातले थोडे परत घेतो.

चौघेच पुरे

माझे मूळ मत बदललेले नाही, एवढे नोंदवून ठेवतो. चौघांना जे सुचत नाही, ते विकत आणण्याआधी चौघांनी महिनाभर डोके आपटावे, असेच मी अजूनही म्हणेन. गिटारच्या तारेचे उदाहरण मात्र मागे घेतो. ते वाईट होते. जुन्या कॅसेटवाल्यांना आनंद होणार असेल तर तोही त्यांनी घ्यावा. आता कोणी सांगेल का, त्या मुलांनी व्हायोलिनवाल्याचे नाव कव्हरवर घातले आहे की नाही?

जुनी कॅसेट

घातले आहे. चौघांच्या नावांखाली, वेगळ्या ओळीत. आपण ते न पाहताच बँडचे तेरावे घातले होते.

चौघेच पुरे

आत्ता पाहिले. टाइप लहान आहे.

हलगीवाल्याचा नातू

काकांना कव्हर दाखवले. ते म्हणाले की टाइपाचे राहू द्या, त्या पोरांना पुढच्या गाण्यात हलगी हवी असेल तर दोन दिवस आधी सांगा, आणि पावसाळा सोडून बोलवा, कारण त्या दिवसांत कातडे कितीही शेकले तरी चढत नाही.